शेवटच्या बाकावरचे तुम्ही कोण कोण? (अनुभव सांगा)

बोरीचं_झाड
परवा लेकाच्या खोकल्यासाठी काळ्या मनुका उकळायला ठेवल्या. पाणी लालकाळं झालं, वास सुटला आणि मी थेट नगर जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घरात, 1983 सालच्या एका शनिवारी. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असायचं आणि त्याचा द्राक्षरस आमच्या घरी व्हायचा. आजी मनुका निवडायची, देठं काढायची. उकळून गार झाल्या की आत्या त्या मलमलीच्या फडक्यातून पिळून काढायची. सोमवारपर्यंत तिची बोटं जांभळी. गाळायची ती, पण प्यायची नाही. तिचं प्रभुभोजन बंद होतं. लग्न झालेल्या माणसाबरोबर निघून गेली होती, दीड वर्षाने लेकरू कडेवर घेऊन परत आली. कमिटीने ठराव केला. खाली पहिली सही आजोबांची, कारण सेक्रेटरी तेच. सहा वर्षं ती बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर बसली. छोट्या पेल्यांचा ट्रे तिच्या अलीकडच्या बाकावरून परत फिरायचा.

आणि हेच आजोबा शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गात) आमच्याकडून बायबलातलं रोमकरांस पत्र 8:1 पाठ करून घेत. 'दंडाज्ञा नाही', म्हणजे ख्रिस्तात असणाऱ्याला दोषी ठरवणं नाही. मला वाटायचं दंडाज्ञा म्हणजे वेताची छडी, कारण वचन म्हणून घेताना ती त्यांच्या हातात असायचीच.

मग मंडळीला नवे पाळक (धर्मगुरू) आले. त्या शनिवारी रसाची बरणी न्यायला स्वतःच घरी आले, एरवी घंटावाला यायचा. आत्या पिळत बसलेली. सहज म्हणाले, "चाखून बघितलं का, ताई?" ती म्हणाली, "मला बंद आहे, साहेब." ते चुलीजवळ पाट ओढून बसले. टोपल्यातली सकाळची भाकरी मागितली. मोडली. प्रार्थना काय केली ते ऐकू आलं नाही, मी दारामागे होते. पातेल्यातला रस वाटीत घेऊन तिला दिला. आजी डोक्यावर पदर घेऊन नुसती उभी.

रात्री आजोबांना कळल्यावर काय झालं ते लिहीत नाही. पाळक साहेबांचीही कमिटीने चौकशी केली. वहीतला ठराव पुढे तीन वर्षं तसाच होता. म्हणजे ठराव मागे घेतला म्हणून तिला भाकरी मिळाली नाही, भाकरी आधी मिळाली. हे मला पन्नाशीत कळतंय.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही.

चुलीपुढे_शिपाई
रडवलंस गं सकाळी सकाळी. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कोकणी_मेवा
आमच्या गावी एका वर्षी मनुका मिळाल्या नाहीत म्हणून कोकमाचं सरबत ठेवलं होतं. पाळक बाहेरगावचे. पहिला घोट घेतल्यावर त्यांचा चेहरा जो झाला! जिरं घातलेलं होतं 😂

मिठागर
मी वसईची, कॅथलिक. तिसरीत पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करणं. विसरायला नको म्हणून सगळी पापं तळहातावर बॉलपेनने लिहून नेली. घामाने पुसली. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "बोल बाळा," आणि मला काही वाचता येईना. मी म्हटलं, "फादर, पुसलं गेलं." ते म्हणाले, "मग झालं तर. आपलं कामच ते." तीन वेळा नमो मारिया ही प्रार्थना म्हणायला सांगून पाठवलं. लहानपणीचा देव असा होता माझा.

मोठेपणीचं वेगळं. पहिलं लग्न मोडलं, दुसरं कोर्टात केलं. त्यामुळे मिस्साला (रविवारच्या उपासनेला) जाते पण कम्युनियन, म्हणजे आमचं प्रभुभोजन, घेत नाही. आताच्या फादरनी सांगितलं, ओळीत ये, हात छातीशी धर, आशीर्वाद घेऊन जा. तशी जाते. मागच्या बाकावरच्या काकू दर रविवारी माझे हात मोजतात. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये कुटुंबावरच्या पत्रात लिहिलंय की कुणालाही कायमचं दोषी ठरवणं शुभवर्तमानात बसत नाही. चांगलंच आहे. पण मला पुरत नाही, खरं सांगते. तुझ्या आत्याच्या चुलीपाशी मला कुणी बसवेल का?

बोरीचं_झाड
@मिठागर ये गं. भाकरी मी थापते. बाकीचं माझ्या हातात नाही 🙂

सरळमार्गी
अनुभव छान आहे, पण एक बाजू राहतेय. योहान 8 मधल्या, व्यभिचारात धरून दगडमार करायला आणलेल्या त्या बाईला प्रभूने दोषी ठरवलं नाही हे बरोबर, पण पुढे 'जा, पुन्हा पाप करू नकोस' हेही आहे. हल्ली सगळे अर्धंच वाक्य सांगतात. शिस्त नको का मंडळीला?

पोथीतला_किडा
पुढचं वाक्य आहेच की, पण क्रम बघा. 'आधी सुधार, मग सोडतो' असं नाही. आधी सोडली, मग सांगितलं.

गंमत म्हणजे योहानाच्या सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत हा प्रसंग नाहीच. काही बायबलांत तो कंसात छापतात त्याचं कारण हे. ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तेव्हाच, म्हणजे पाचव्या शतकात, लिहून ठेवलंय की बायकांना मोकळं रान मिळेल या भीतीने काही लोकांनी हा भाग आपल्या पोथ्यांतून काढून टाकला असावा. त्याचा तर्क आजच्या अभ्यासकांना पटो न पटो, शिस्तीची काळजी तुमच्या आधी दीड हजार वर्षं चालू आहे, सरळमार्गी.

कोकणी_मेवा
आणि त्या प्रसंगात येशू जमिनीवर बोटाने काय लिहीत होता ते कुणालाच माहीत नाही. मला वाटतं दगड घेऊन आलेल्यांची उधारी.

खडूस_कावळा
प्रेमबिम ठीक आहे. माझा बाप दारू प्यायचा आणि नाताळच्या उपासनेला तसाच आला. दोन डीकननी (चर्चच्या सेवकांनी) दारातच धरला. मी अकरा वर्षांचा, कॉयरमध्ये, नवीन शर्ट. सगळ्यांनी माना वळवून बघितलं. तेव्हापासून मी लग्नं आणि मयती सोडून चर्चला गेलो नाही.

एवढंच लिहिणार होतो. पण वर घंटावाला म्हटलंय म्हणून आठवलं. आमच्याकडे घंटा वाजवायला एक म्हातारे होते, एका डोळ्याने अधू. त्यांनी बापाला घंटेच्या मनोऱ्याच्या पायरीवर बसवलं, खांद्यावर स्वतःची घोंगडी टाकली आणि आतलं प्रत्येक गीत त्याच्याबरोबर बाहेर म्हटलं. बापाचा आवाज चांगला होता. आत आम्हाला ऐकू येत होता, एक ओळ मागे. बाप पुढेही प्यायचाच. बास.

चुलीपुढे_शिपाई
@खडूस_कावळा 🙏 काय बोलू. (आले, पण आता दळण आणायला जातेय.)

गव्हाची_पेंढी
आमची पणजी केडगावची. म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमातली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बाईंनी ज्या मुली आणल्या त्यांतली एक. तिला जन्मतारीख नव्हती, आडनाव नव्हतं, आई कुठे गेली ते माहीत नव्हतं. ती म्हणायची, "बाईंनी कोण, कुठली विचारलं नाही. आधी डोक्यातल्या उवा काढल्या." आमच्या घरात हे सांगताना सगळे हसतात, मग गप्प होतात.

केडगावलाच रमाबाईंनी कृपासदन काढलं होतं, लोक ज्यांना 'पतित' म्हणत त्या बायकांसाठी. त्याचं मूळ इंग्लंडात. तिथे फुलहॅमला सिस्टर लोकांचा असाच एक आश्रम त्यांनी पाहिला. ज्या बायकांना सगळ्यांनी टाकलं त्यांच्याशी या इतक्या मायेने कशा वागतात, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, योहान 4, लोकांनी कमी लेखलेल्या बाईशी येशू विहिरीपाशी बोलतो ती. त्यानंतर त्याच वर्षी, 1883 मध्ये, बाप्तिस्मा. ज्या बाईने शास्त्रं कोळून प्यायली होती तिला वादाने नाही, या एका गोष्टीने ओढलं.

नगरी_झटका
केडगाव म्हणजे आमच्या नगरचं का? बायपासजवळचं?

गव्हाची_पेंढी
नाही हो, दौंड तालुक्यातलं. दर वेळी हेच 😅

नगरी_झटका
अरे! पाहुण्यांना एकदा चुकीच्या केडगावला पाठवलंय मी. नव्वद किलोमीटर. अजून बोलत नाहीत.

सरळमार्गी
क्षमा करायला सांगा, धागा तोच आहे.

नगरी_झटका
😂😂 हे भारी होतं.

इंद्रायणीकाठ
मी वारकरी घरातली. आत्याची गोष्ट वाचून पहिल्यांदा आठवली ती विठाईच. माउली लेकराच्या अंगाचा चिखल बघत नाही, आधी उचलते, मग धुते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ताला माउलीच म्हणायचे ना? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असंही ते सांगत.

पोथीतला_किडा
हो. पण त्यांच्या घरातली गोष्ट उलटीही बघा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली वर्षं त्यांनी ज्या ओढाताणीत काढली त्यात कुणी कुणाला स्वीकारायचं होतं? आपण नेहमी मंडळीने माणसाला जवळ घेण्याबद्दल बोलतो. लक्ष्मीबाईंना आधी नवऱ्याला त्याच्या नव्या देवासकट पदरात घ्यावं लागलं.

इंद्रायणीकाठ
खरंय. आणि हे सगळं सोवळं सांभाळत! बाई ग्रेटच.

मिठागर
@बोरीचं_झाड पण आत्या काय म्हणाली ते सांगितलंच नाहीस. रडली का?

बोरीचं_झाड
अगं हो, तेच राहिलं. मलाही वाटलं होतं ती रडेल. तिने वाटी खाली ठेवली, ओठ पुसले आणि आजीकडे वळून चिडून म्हणाली, "आई, साखर कमी पडतीये. सहा वर्षं मी हेच गाळतीये आणि एका माणसाने सांगितलं नाही!"

पाळक साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा पातेल्यात पडता पडता राहिला.

खडूस_कावळा
🙂

चुलीपुढे_शिपाई
आले दळण घेऊन. मला एकच विचारायचंय, अर्धा किलो मनुकांना पाणी किती?

बोरीचं_झाड
दोन लिटर, निम्मं होईपर्यंत आटवायचं. साखर चाखून घाल बाई.