‘इमेज फ्रिक्वेन्सी’ला मराठीत काय म्हणाल?

हुरडा: सोलापुरातल्या डिप्लोमाच्या पोरांसाठी टीव्हीचा ट्यूनर, म्हणजे हवं ते चॅनल वेचणारा भाग, कसा सुधारत गेला यावर टिपण लिहितोय. ‘इमेज फ्रिक्वेन्सी’पाशी गाडी अडली. मित्र म्हणतो ‘चित्र वारंवारता’ लिही. चालेल?

बाळीवेस: नाही ओ. चित्राची वारंवारता ही वेगळी भानगड. जुन्या ॲनालॉग टीव्हीत चॅनल ४ चं चित्र ६२.२५ मेगाहर्ट्झवर यायचं. ट्यूनरचा ऑसिलेटर, म्हणजे आतल्या आत स्वतःची वारंवारता तयार करणारा भाग, तेव्हा १०१.१५ वर चालायचा. मिक्सर या दोन्हींतला फरक काढायचा: ३८.९, आणि पुढचा सेट त्या ३८.९ वर काम करायचा. आता १०१.१५ च्या पलीकडे तेवढंच अंतर मोजा: १४०.०५. तिथं कुणी वायरलेसवर बोलत असेल तर मिक्सरला तिथंही फरक ३८.९ च दिसतो, आणि तो त्यालाही आत घेतो. इमेज म्हणजे ऑसिलेटरच्या आरशातलं बिंब. पडद्यावरच्या चित्राशी संबंध नाही.

हुरडा: मग ‘प्रतिमा’ पण नको, पोरं पडद्याकडंच बघतील. ‘प्रतिबिंब वारंवारता’?

बाळीवेस: हे बरंय. एक लिहाच: प्रतिबिंब मिक्सरच्या आधीच गाळावं लागतं. एकदा आत आलं की खरं कुठलं नि खोटं कुठलं, सेटला कळत नाही. म्हणून मिक्सरआधीच्या कॉइली महत्त्वाच्या.

पूर्वभाग: आणि ‘ट्यूनिंग’? हिंदीतलं ‘समस्वरण’ वाचून माझे दात दुखले. आमच्या घरी तेलुगूत तंबोरा ‘श्रुती’ करतात. मराठीत तंबोरा लावतात, रेडिओही लावतात. ‘लावणे’ आहे की घरचं.

बाळीवेस: लावणं माणसाचं काम, वेचणं ट्यूनरचं. दोन्ही शब्द लागतील. जुन्या ट्यूनरमध्ये कॉइलींच्या पट्ट्या लावलेला ड्रम असायचा, बटण फिरवलं की खट्कन पुढची पट्टी. संपर्क काळे पडले की चित्र जायचं, मग लोक बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खुपसून ठेवायचे. दुकानात सेट उघडला की आधी काडी बाहेर यायची. व्होल्टेज बदललं की कॉइलीची वारंवारता सरकवणारा व्हॅरॅक्टर डायोड आला नि ड्रम गेला, काडीही गेली. ० ते ३० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज बदललं की चॅनल बदलतं. पण मिक्सरआधीच्या कॉइली आणि ऑसिलेटर त्या एकाच व्होल्टेजवर बरोबरीनं सरकायला हवेत. त्याला ट्रॅकिंग म्हणतात.

हुरडा: अरेरे, मी ‘मागोवा’ लिहिलंय.

पूर्वभाग: कुणाचा मागोवा घेताय? एक बैल पुढं, एक मागं झाला की जू वाकडं होतं, तसलं आहे हे. ‘जोडचाल’ म्हणा.

बाळीवेस: झकास. म्हणून तर डायोड जुळवलेल्या संचात मिळायचे. जोडचाल बिघडली की कॉइली एका चॅनलवर, ऑसिलेटर दुसऱ्यावर. सिग्नल अर्ध्यातच मरतो आणि पडद्यावर मुंग्या.

हुरडा: इंग्रजीत त्या मुंग्यांना बर्फ म्हणतात ना? तसं लिहू?

पूर्वभाग: सोलापुरात बर्फ फक्त गोळेवाल्याकडं. मुंग्याच ठेवा.

बाळीवेस: आणि मुंग्यांच्या खाली लिहा की त्या कमी करायच्या तर ट्यूनरचा पहिला ॲम्प्लिफायर (सिग्नल मोठा करणारा भाग) कमी गोंगाटाचा हवा. तिथं जो गोंगाट मिसळतो तो पुढं सिग्नलबरोबरच मोठा होत जातो.