'पाठलाग' थेट बरेलीपर्यंत

मराठी थरारपटाचा प्रभाव महाराष्ट्राबाहेर गेलाच नाही, असं म्हटलं जातं; ते काही पटत नाही. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४चा. दोनच वर्षांत राज खोसलांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' काढला. 'पाठलाग'मधलं गदिमांचं 'या डोळ्यांची दोन पाखरे' ऐका आणि लगेच 'मेरा साया'मधलं 'तू जहाँ जहाँ चलेगा' लावा, धागा आपोआप सापडेल. 'झुमका गिरा रे, बरेली के बाजार में' हे गाणं मात्र खास हिंदीतली भर ('या डोळ्यांची'सारखाच आवाज तिथेही आशाताईंचाच!). त्यापायी २०२० मध्ये बरेलीत हमरस्त्यावर चक्क भलामोठा झुमका उभारला गेला. आमच्या दादर-पार्ल्याकडे जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात झुमक्याला वन्समोअर हमखास मिळतो. मूळ सिनेमा मराठी, हे मात्र तिथल्या कित्येक मराठी श्रोत्यांनाच ठाऊक नसतं.