रानरेड्याची शिकार: कोणती रायफल, आणि मुळात करावी का?

कोथरूडकर

माझा शाळासोबती नोकरीनिमित्त विंडहोकला असतो. पुढच्या जूनमध्ये नामिबियाच्या ईशान्येकडील झांबेझी प्रदेशात रानरेड्याच्या, म्हणजे केप बफेलोच्या, परवानाधारक शिकारीला येण्याचे निमंत्रण त्याने मला दिले आहे. आमच्या घरात आजोबांच्या, भोर संस्थानातील शिकारीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. मी मात्र बालेवाडीला दहा मीटरवर एअर रायफल चालवण्यापलीकडे काही केलेले नाही. मित्राच्या मते .30-06, म्हणजे लहान व्यासाच्या गोळीची रायफल, पुरेशी आहे, तर त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ .458, म्हणजे बऱ्याच जाड गोळीच्या रायफलीशिवाय, जाऊ नका असे सांगतात. कोणाचे ऐकावे? आणि पैसे मोजून जनावर मारणे योग्य आहे का, हा घरातून विचारला जाणारा प्रश्नही मला टाळता येत नाही.

खडकीचा निवृत्त

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसांच्या तपासणीत आयुष्य घालवले, म्हणून आधी गोळीविषयी लिहितो. आपल्या एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा असतो. 1912 पासून वापरात असलेल्या .375 एच अँड एच मॅग्नम या काडतुसाची नेहमीची गोळी साडेएकोणीस ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे 770 मीटर वेगाने सुटते. आफ्रिकेतील अनेक देशांत अशा धोकादायक जनावरांसाठी हीच किमान मर्यादा मानली जाते, तेव्हा .30-06 चा विषय इथेच संपतो. .458 ची गोळी बत्तीस ग्रॅमची असते, पण तिचा धक्का असा असतो की नवखा माणूस घोडा दाबण्यापूर्वीच डोळे मिटतो, आणि पोटात लागलेली मोठी गोळी छातीत लागलेल्या लहान गोळीपेक्षा केव्हाही वाईट.

आफ्रिकेतील जुने शिकारी कॅरामोजो बेल यांनी हजाराहून अधिक हत्ती बहुतांशी 7 मिलिमीटरच्या रायफलीने मारले, हे उदाहरण कोणीतरी देईलच. त्यांनी हत्तीची कवटी कापवून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती. आपण तसे काही केलेले नाही. पहिली गोळी आत शिरून फुलणारी आणि पुढच्या न फुलणाऱ्या, भरीव, अशी रानरेड्यासाठी जुनी पद्धत आहे. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात धरावा, कारण त्याचे हृदय आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच खाली असते.

जुन्नरकर

आमच्या उसात बिबट्या शिरतो तेव्हा वनखाते आधी पिंजरा लावते, बेशुद्ध करते, आणि जनावर माणसांच्या जिवावर उठले तरच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम 11 नुसार मारण्याची परवानगी मिळू शकते. तिथे गोळीला कारण असते. आपले कारण काय? 2015 मध्ये झिंबाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाच्या सिंहाला एका हौशी शिकाऱ्याकडून बाण मारला गेला आणि तो त्यानंतर काही तास जखमी अवस्थेत जिवंत होता. साधन हौसेपोटी निवडले की त्याची किंमत जनावर चुकवते.

एरंडवणे

जुन्नरकरांचा शेवटचा मुद्दा मान्य, पहिला अर्धाच मान्य. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावांच्या संरक्षित क्षेत्रांना वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले. शिकारीच्या शुल्कातून राखणदारांचे पगार निघतात आणि मांस गावात वाटले जाते. सफारीच्या गाड्या जिथे जात नाहीत, तिथे पीक तुडवणारा रेडा जिवंत का ठेवायचा, याचे उत्तर हा पैसा देतो. केनियात 1977 पासून शिकारीला बंदी आहे, तरीही तिथले वन्यप्राणी मोठ्या प्रमाणावर घटले. बोट्सवानाने 2014 मध्ये घातलेली बंदी 2019 मध्ये उठवली. अर्थात पैसा गावापर्यंत पोहोचतो की मधल्या मध्ये जिरतो, हे त्या-त्या क्षेत्राला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ते विचारणे हे आपलेच काम आहे. कुंपणात सोडलेले जनावर मारण्याला तर मी शिकारच म्हणणार नाही. कळपापासून वेगळा झालेला, कपाळावर शिंगांचा जोड पूर्ण टणक झालेला म्हातारा नरच मिळेल, याची खात्री करून घ्या.

कोथरूडकर

जुन्नरकर, आजोबांच्या गोष्टी हे कारण पुरेसे नाही, हे लिहिताना मलाच जाणवले. मित्राला दोन गोष्टी कळवल्या आहेत: शुल्काचा गावाचा वाटा लेखी दाखवावा, आणि .375 उसनी मिळवून आधी कागदावर वीस बार काढू द्यावेत. ते जमले नाही, तर मी कॅमेरा घेऊन जाईन.

खडकीचा निवृत्त

ते वीस बार उभ्याने, तीन काठ्यांच्या टेकूवरून काढावेत आणि अंतर साठ-सत्तर मीटर ठेवावे. टेबलाशी बसून काढलेले बार मोजू नयेत.