सोमालीलँडची गुर्ती: भांडण मिटवलं म्हणून खुर्ची कायमची?

दर्याकिनारी (गुहागर):
सोमालिया म्हटलं की आपल्याकडच्या बोटीवाल्यांना चाचेच आठवतात. पण १९९१ ला त्यातून वेगळं झालेल्या सोमालीलँडमध्ये शांतता आणली ती कुळांच्या म्हाताऱ्यांनी. १९९३ ला तिथल्या बोरामा शहरात दीडशे वडीलधारे कित्येक महिने बसले, एगालना अध्यक्ष निवडलं, पोरांच्या बंदुका खाली ठेवायला लावल्या. मानलं पाहिजे! पण त्यांचंच ८२ जणांचं वरिष्ठ सभागृह झालं, गुर्ती, मुदत सहा वर्षांची आणि निवडणूक आजवर एकदाही नाही, सभासद वारला की घरातलाच कुणीतरी त्या जागी. २०२२ ला यांनीच राष्ट्राध्यक्षांना दोन वर्षं वाढवून दिली आणि स्वतःला पाच. हे मला अजिबात पटत नाही.

खाडीपलीकडचा:
अरे पण मोगादिशूत, सोमालियाच्या राजधानीत, काय झालं ते बघ ना. परदेशात परिषदांवर परिषदा झाल्या, भांडणं संपली का? इकडे २००२ ला एगाल वारले आणि लहान कुळातले रियाले शांतपणे अध्यक्ष झाले, एक गोळी सुटली नाही. म्हाताऱ्यांचा शब्द होता म्हणूनच ना? उद्या मतदान घेतलंस तर मोठं कूळ सगळ्या जागा घेऊन जाईल, मग लहानांनी कुठे जायचं?

माहेरवाशीण_दापोली:
दादा, त्या शब्दात बायकांचा शब्द कुठाय? मी गावकी बघितलीय. निर्णय मानला नाही म्हणून एका घराला वाळीत टाकलं, शिमग्यात पालखी त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेली, दुकानात मीठसुद्धा मिळेना. त्या घरातली म्हातारी ओटी घेऊन उंबऱ्यात उभीच होती. म्हणून २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात.

खाडीपलीकडचा:
ताई, वाळीत टाकणं वाईटच, त्यावर वादच नाही. पण आपल्याकडे वर पोलीस आहे, कोर्ट आहे. तिथे ९१ ला काहीच नव्हतं, हे दोन एका मापाने कसे मोजायचे?

दर्याकिनारी:
९१ ला नव्हतं, मान्य. आता संसद आहे, कोर्टं आहेत, २०२४ ला सत्ताधारी हरून विरोधक राष्ट्राध्यक्षसुद्धा झाले. आणि पूर्वेकडचं लासानोद शहर विसरलास का, २०२३ ला तिथल्या कुळाच्या वडीलधाऱ्यांनीच आम्हाला सोमालियातच राहायचंय म्हणून जाहीर केलं आणि लढाई पेटली. गुर्तीला ती थांबवता आली नाही, कारण तोवर लोकांना ती सरकारचीच वाटायला लागली होती. बोरामात दोन्ही बाजू ऐकायच्या, कारण बसलेल्यांना कुणी पदाला चिकटलेलं समजत नव्हतं.

खाडीपलीकडचा:
मग मुदत घाला, निवडणूक घ्या, पण लहान कुळांच्या जागा राखून. सभागृहच मोडायला माझा विरोध आहे, आणि राहणार.