फोटोत मिग-२३ बीएन आणि मिग-२७ वेगळी कशी ओळखायची?

प्रश्न: दोन्हींचे पंख मागेपुढे होतात, दोन्हींचं नाक बदकाच्या चोचीसारखं चपटं. मला तर एकच विमान वाटतं. २०१९मध्ये जोधपूरला निवृत्त झालं ते यातलं कोणतं?

उत्तर १: मिग-२७, २९ नंबरची स्क्वाड्रन, २७ डिसेंबर २०१९. बीएन त्याआधीच, २००९मध्ये गेली. नाक चपटं, कारण दोन्हींत रडार नाही. वैमानिकाला खालची जमीन नीट दिसावी म्हणून तसं.

उत्तर २: नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात माझी बरीच वर्षं मिग-२७च्या जोडणीत गेली, म्हणून लिहितो. पोटाखालची तोफ बघा. बीएनची दोन नळ्यांची, २३ मिमी. सत्तावीसची सहा नळ्यांची, ३० मिमी. मग हवा आत घेणारी तोंडं बघा. बीएनमध्ये ती हलती, आमच्यात पक्की. त्यानं वरचा वेग कमी झाला, पण वजन वाचलं. जमिनीलगत मारा करणाऱ्याला तेच हवं. पंखांवरून मात्र फरक कळणार नाही, दोन्हींत ते मागे वळवण्याच्या जागा तीनच: १६, ४५ आणि ७२ अंश.

याला 'रशियाचं जुनं विमान' म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. सांगाडा आमच्याकडे, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला. अशी १६५ विमानं देशात बनली. हवाई दलानं नाव ठेवलं 'बहादूर'.

प्रश्नकर्ता: काका, कारगिलमध्ये हेच पडलं ना?

उत्तर २: हो. २७ मे १९९९, बटालिक. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांनी रॉकेटं डागली आणि इंजिन बंद पडलं. ते बाहेर पडले, पकडले गेले, आठवडाभरानं सुटले. त्यांना शोधायला मिग-२१ घेऊन गेलेले अजय आहुजा मात्र परतले नाहीत. त्या दिवशी कारखान्यात जेवणाचे डबे उघडलेच नाहीत कुणी. इंजिन एकच असल्यानं, ते गेलं की वैमानिकाकडे उडी मारण्यावाचून फारसं काही उरत नाही. अपघात पुढेही झाले, ते मी झाकत नाही. पण त्याच लढाईत याच विमानांनी डोंगरांवर मारा केला, तेही सांगा.

प्रश्नकर्ता: एका फोटोत शेपटीखालचा पंख आडवा आहे. मोडलाय का?

उत्तर २: नाही रे बाळा. चाकं खाली आली की तो आपोआप बाजूला दुमडतो, नाहीतर धावपट्टीला घासेल. चाकं वर गेली की पुन्हा उभा. फोटो उतरतानाचा किंवा जमिनीवरचा असणार.