खुनी कोण ते निम्म्यातच कळतं. क्लू लपवायचा कसा?

दौत
माझी पहिली रहस्यकथा चार मैत्रिणींना वाचायला दिली. चौघींनीही निम्म्यात पुतण्याचं नाव घेतलं. एकटे राहणारे निवृत्त मास्तर सकाळी खाटेवर मृत सापडतात, छातीवर उघडं पुस्तक. पुतण्या म्हणतो, "दहाला निघालो तेव्हा काका वाचत पडले होते." पण चष्मा कपाटात! मी लिहिलं होतं, "चष्मा कपाटात होता, हे इन्स्पेक्टरना खटकलं." क्लू दाखवायलाच हवा, नाहीतर वाचकाची फसवणूक होते. मग झाकायचा कसा?

उशिरा_जागणारा
आधी "खटकलं" काढा. त्या एका शब्दाने तुम्ही वाचकाला हाताला धरून चष्म्यापाशी नेलंत. माझ्या सुरुवातीच्या कथा अशाच क्रियापदांनी फुटल्या.

क्लूला दुसरं काहीतरी काम द्या. मास्तर जिवंत असतानाचा एक प्रसंग लिहा. पत्र आलंय, चष्मा सापडत नाही. ते कागद हातभर लांब धरून बघतात, शेवटी शेजारच्या मुलीकडून वाचून घेतात. पत्रात पुतण्याने पैसे मागितलेत. वाचक पैशांत गुंततो, आणि मास्तरांना चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही हे नकळत त्याच्या डोक्यात बसतं. पुढे झडतीत नुसतं लिहा: "उशाशी पाण्याचा पेला, कपाटात घडी केलेला चष्मा, औषधाच्या दोन बाटल्या, एक रिकामी." नजर रिकाम्या बाटलीवरच जाणार.

आणि खरं सांगू? चष्मा फार वापरून झालाय. तुमच्या हाताखालून रोज काय जातं, तिथे शोधा. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या. त्यांच्या 1920 च्या पहिल्या कादंबरीत औषधात मिसळलेल्या ब्रोमाइडमुळे त्यातलं स्ट्रिक्नीन हे विष बाटलीच्या तळाशी बसतं आणि शेवटच्या डोसात सगळं विष एकदम पोटात जातं. औषधं बनवणाऱ्या माणसालाच हे सुचणार. तुम्ही काय काम करता?

पांढरा_कोट
मध्येच एक. मास्तर सापडले तेव्हा अंग कसं होतं, लिहिलंय का? मृत्यूनंतरचा ताठरपणा साधारण दोन ते चार तासांत जबडा आणि मानेपाशी जाणवू लागतो, सगळं अंग ताठायला सुमारे 12 तास लागतात, उकाड्यात त्याहून लवकर. सकाळी सहाला अंग पूर्ण सैल दाखवलंत तर रात्री दहाचा मृत्यू कुणी मानणार नाही.

दौत
अंग सैलच लिहिलं होतं, आज बदलते.

मी पुस्तकांची बांधणी करते. काल रात्री तुमचा प्रश्न डोक्यात घेऊन मशीनपाशी उभी होते, तेव्हा सापडलं. कधीकधी कटिंगमध्ये एखादा फर्मा (घड्या घालून केलेला 16 पानांचा छापील कागद) सुटतो आणि पानं वरच्या कडेला जोडलेलीच राहतात. मास्तरांच्या छातीवरचं पुस्तक नवंकोरं आहे, पान 90 वर उघडं. पण चौथा फर्मा, म्हणजे 49 ते 64, अजून कापलेलाच नाही. मास्तर अर्धं पुस्तक वाचूच शकत नव्हते, कुणीतरी ते मधूनच उघडून ठेवलंय.

पहिल्या प्रकरणात मास्तर पेपरकटर शोधत कुरकुरतात, एवढं पेरून ठेवलंय. चष्मा मात्र आता त्यांच्या डोळ्यांवरच आहे.

उशिरा_जागणारा
पेपरकटर सापडू देऊ नका. पुतण्याच्या खिशात असू द्या.