मदत हवी आहे: शिश्नावर बारीक पुटकुळ्यांची ओळ, लग्न ठरलंय, काय करू?

गपचूप_वाचक:
नमस्कार. एरवी इथे नुसता वाचतो. हे विचारायला दुसरी जागा नाही म्हणून डुआयडी (वेगळ्या नावाचं खातं) काढलाय, सांभाळून घ्या.

वय २६. शिश्नाच्या बोंडाला जी कड असते, तिच्याभोवती पांढरट-गुलाबी पुटकुळ्या आहेत. ओळीने, सगळ्या सारख्या, खसखशीपेक्षा जरा मोठ्या. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पाणी-पू काही नाही. कॉलेजात असतानाही होत्या, तेव्हा लक्ष दिलं नाही. आता डिसेंबरची तारीख धरलीय आणि मी रात्री मोबाईलवर नाही नाही ते फोटो बघत बसतो.

संबंध अजून कोणाशीच आलेला नाही. मग हे आलं कुठून? हॉस्टेलचा संडास? टॉवेल? होणाऱ्या बायकोला लागेल का? मूल होण्यात अडचण? मेडिकलमधून चामखिळीचं औषध आणून ठेवलंय, ते लावू का? आणि आमच्या गावात डॉक्टर म्हणजे वडिलांचे मित्र, त्यामुळे तिकडे जायची सोय नाही.

झुणका_भाकर:
बाकीचं नंतर, आधी ती बाटली कपाटात ठेव. नको, फेकूनच दे. त्या औषधांत बहुतेक वेळा सॅलिसिलिक ॲसिड असतं, तळपायाच्या जाड कातडीसाठी. तिथे लावलंस तर सालपटं निघतील आणि मग खरंच दुखेल.

कातडीचा_डॉक्टर:
न तपासता निदान करणार नाही, आणि कृपा करून फोटो इथे टाकू नकोस. पण तू लिहिलंयस ते वर्णन पर्ली पेनाइल पॅप्यूल्सशी तंतोतंत जुळतं. हा रोग नाही, कातडीची ठेवण आहे. विषाणू नाही, जंतू नाही, म्हणून लागण्याचा प्रश्न नाही. अस्वच्छतेचा, हस्तमैथुनाचा किंवा हॉस्टेलच्या टॉवेलचाही संबंध नाही. शुक्रजंतूंवर परिणाम शून्य. वयात येताना दिसायला लागतात, वाढत्या वयाबरोबर बऱ्याच जणांत फिक्या होतात. पाहणीगणिक आकडा बदलतो, १४ ते ४८ टक्के पुरुषांत सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे तुझ्या हॉस्टेलच्या मजल्यावर तू एकटा नव्हतास.

बघायचं काय, तर मांडणी. एकसारख्या आकाराच्या, कडेला धरून ओळीत, वर्षानुवर्षं तशाच, तर काळजी नाही. एचपीव्ही या विषाणूचे, संबंधातून लागणारे चामखीळ कुठेही उगवतात, लहान-मोठे, खडबडीत असतात, वाढतात आणि एकमेकांत मिसळतात. मधोमध खळगा असलेला गुळगुळीत दाणा असेल तर मोलस्कम, तोही विषाणूचाच. पाण्याचे फोड येऊन आग होत असेल तर हर्पिस, हाही विषाणूच. आणि एक गोष्ट सगळ्यांसाठीच: 'दुखत नाही म्हणजे ठीक' असं धरून चालू नका. सिफिलिस या गुप्तरोगाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही. नवीन जखम दिसली की दाखवायची.

मनीमाऊ:
बायकांनाही असं असतं, ते कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. मला योनीच्या तोंडाशी आतल्या बाजूला मऊ, गुलाबी, बारीक दाणे दिसले होते. एका बाईंनी नीट न बघताच चामखीळ म्हणून जाळायला सांगितलं, आणि वर नवऱ्याबद्दल नको ते प्रश्न! दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहिलं. दोन्ही बाजूंना सारखे, प्रत्येक दाण्याचं बूड वेगळं. व्हेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस म्हणाल्या, काही करायचं नाही. चामखिळीत बुडं एकत्र असतात म्हणे. घरात झालेलं भांडण मात्र कोणी भरून देत नाही.

कातडीचा_डॉक्टर:
मनीमाऊ, अगदी बरोबर.

निवृत्त_पण_जागा:
विषय निघालाच आहे म्हणून. वय ५८. अंडकोषाच्या पिशवीवर जांभळट-काळे ठिपके आलेत, एकदा खाजवताना रक्त आलं. मुलाला सांगायची लाज वाटते.

कातडीचा_डॉक्टर:
काका, त्या बहुधा फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत, अँजिओकेरॅटोमा. पन्नाशीनंतर सर्रास दिसतात, निरुपद्रवी असतात. रक्त आलं तर स्वच्छ कपडा दाबून धरा. पण काळा डाग म्हटला की एकदा प्रत्यक्ष दाखवाच, तीळ आहे की काय ते बघायला हवं.

झुणका_भाकर:
कुठे जायचं ते राहिलंच. पाटीवर 'त्वचारोगतज्ज्ञ' लिहिलेलं असतं तेच गुप्तरोगतज्ज्ञही असतात, शिक्षण एकच. रेल्वेच्या भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या तंबूवाल्यांकडे चुकूनही जाऊ नकोस. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात नाकोचं (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचं) सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी-सल्ला फुकट, आणि नाव बाहेर जात नाही.

गपचूप_वाचक:
सगळ्यांचे आभार. बाटली फेकली. डॉक्टरसाहेब, शेवटचं विचारतो: लेझरने काढता येतात असं वाचलं. लग्नाआधी काढून टाकू का? आणि तिला आधी सांगायला हवं का?

कातडीचा_डॉक्टर:
काढता येतात, पण गरज नाही. निरोगी कातडी जाळायची, वर भूल, जखम, खर्च, आणि नंतर परत येऊ शकतात ते वेगळंच. सांगायचं म्हणशील तर त्यात कबुली देण्यासारखं काही नाही. तिने विचारलं तर जन्मखुणेबद्दल सांगतात तसं सांग. आधी तपासून घे म्हणजे सांगताना तुझीच चलबिचल होणार नाही.

गपचूप_वाचक:
शनिवारी जिल्ह्याच्या गावी जातोय, पत्रिका छापायला टाकायच्यात असं घरी सांगून. त्या खरंच टाकायच्या आहेत.